पणजीचे नाव

गेल्या वर्षी आमच्या सासरच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढण्याचे ठरले, तेव्हा स्त्रियांविषयीची माहिती तपासण्याचे काम माझ्याकडे आले. काम सोपे वाटले होते. जुनी आवृत्ती उघडून बसले, तो मूळपुरुषापासूनच्या पुरुषांची नावे, नोकऱ्या, काशीयात्रा, इतकेच काय, कोणी कोणत्या साली विहीर बांधली हेही त्यात सापडले. परंतु पत्नीच्या रकान्यात जागोजागी एकच मजकूर होता : 'नाव व माहेर अज्ञात'. विहिरीचे साल ठाऊक, आणि त्या विहिरीचे पाणी जन्मभर ओढणारीचे नाव मात्र अज्ञात!

याच सुमारास पॉली मरे या अमेरिकन विदुषीचे 'प्राउड शूज' हे पुस्तक माझ्या वाचनात आले. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅलेक्स हॅली यांच्या 'रूट्स'ने १९७६ मध्ये अमेरिकेत वंशावळी शोधण्याची लाट आणली. हे पुस्तक त्याच्या वीस वर्षे आधीचे. एका कृष्णवर्णीय नातीने आपल्या आजोळची कुळकथा त्यात लिहिली आहे. ती वाचताना आमच्या कुलवृत्तान्तातले ते रिकामे रकाने पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येत राहिले. म्हणून मंडळाच्या या स्मरणिकेत त्या घराण्याची व त्याच्या गावाकडची हकीगत भगिनींना सांगावी असे वाटले.

नॉर्थ कॅरोलिना हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक राज्य. त्याच्या मध्यभागी, लाल चिकणमातीच्या उंचसखल मुलखात ऑरेंज काउंटी वसलेली आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा कारभाराचा घटक. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहाच्या नोंदी या सर्व काउंटीच्या कचेरीत राहतात. म्हणून तिकडे ज्याला आपले पूर्वज शोधायचे असतात, त्याला आधी त्यांची काउंटी शोधावी लागते.

ऑरेंज काउंटीची स्थापना १७५२ साली झाली. त्यापूर्वी तिथे मूळच्या लोकांची वस्ती होती. १७०१ साली जॉन लॉसन हा प्रवासी या भागातून गेला, तेव्हा ईनो नदीकाठी ऑकनीची जमातीचे नांदते गाव त्याने पाहिले होते. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांचे हिल्सबरो हे काउंटीचे मुख्य ठाणे झाले. तिथल्या शेतकऱ्यांनी जाचक कर आणि अंमलदारांची मनमानी वसुली यांविरुद्ध मोठे बंड केले. १७७१ च्या मे महिन्यात अलमान्सच्या लढाईत त्यांचा मोड झाला आणि पुढच्याच महिन्यात सहा बंडखोरांना हिल्सबरोत फाशी देण्यात आले. काउंटीच्या दक्षिणेस चॅपेल हिल येथे १७९३ साली राज्याच्या विद्यापीठाची कोनशिला बसली आणि १७९५ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले.

बंड, विद्या, न्याय यांचा असा वारसा सांगणाऱ्या या मुलखात शेतीचे व घरातले काम मात्र गुलामांकडून करून घेतले जाई. या काउंटीत बरेच आयुष्य घालविलेले न्यायाधीश टॉमस रफिन यांच्यापुढे १८२९ साली एक खटला आला. राज्याच्या दुसऱ्या एका काउंटीत लिडिया नावाची गुलाम स्त्री जॉन मॅन याने भाड्याने घेतली होती. तो शिक्षा करू लागला तेव्हा ती पळाली आणि त्याने तिच्यावर गोळी झाडली. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले होते. रफिन यांनी तो निकाल फिरविला आणि मालकाची सत्ता संपूर्ण असल्याखेरीज गुलामाची ताबेदारी संपूर्ण होत नाही, असा निर्वाळा दिला. पुढच्याच अधिवेशनात राज्याने गुलामांना लिहिणे-वाचणे शिकविण्यास कायद्याने बंदी केली.

आणखी एक कायदा याहून जुना होता, आणि स्त्रियांनी तो नीट समजून घ्यावा असा आहे. शेजारच्या व्हर्जिनियात १६६२ साली असा नियम झाला की, मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईवरून ठरावे. हाच नियम सर्व दक्षिणेत रूढ झाला. एरवी गोऱ्यांमध्येही कूळ, नाव, इस्टेट सारे बापाकडून यायचे. मग इथेच आईला एवढा मान कशासाठी? उत्तर सरळ आहे. मालकाने गुलाम स्त्रीशी अत्याचार करावा, तिला मूल व्हावे, आणि ते मूल वारस न ठरता मालमत्तेत जमा व्हावे, अशी ही सोय होती.

आता पॉली मरे यांच्या घराण्याकडे वळू. हिल्सबरो येथे डॉक्टर जेम्स स्ट्रडविक स्मिथ म्हणून प्रतिष्ठित गृहस्थ होते. १८१७ ते १८२१ या काळात ते अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासदही होते. त्यांना मेरी रफिन नावाची मुलगी आणि फ्रान्सिस व सिडनी असे दोन मुलगे. १८३४ साली डॉक्टरांनी मेरीच्या तैनातीसाठी सुमारे पंधरा वर्षांची एक मुलगी विकत घेतली. तिचे नाव हॅरिएट. तिच्या अंगात चेरोकी रक्तही होते असे घराण्यात सांगत. पुढे रूबेन डे नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी तिने संसार मांडला. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. तिला ज्यूलियस नावाचा मुलगा झाला.

स्मिथांचे दोन्ही मुलगे शिकून घरी आले, फ्रान्सिस डॉक्टर होऊन आणि सिडनी वकील होऊन. दोघांची नजर हॅरिएटवर होती. घराण्यात सांगत आलेली हकीगत अशी की, त्यांनी रूबेनला मारहाण करून पुन्हा इकडे न फिरकण्याची ताकीद दिली. तो गेला तो कायमचा. हॅरिएट रात्री खोपटाचे दार आतून अडसर लावून बंद करी. एके रात्री सिडनीने ते दार फोडले. १८४४ च्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. तीच पॉली मरे यांची आजी कॉर्नेलिया. पुढे फ्रान्सिसपासून हॅरिएटला आणखी तीन मुली झाल्या : एमा, अ‍ॅनेट आणि लॉरा. या चौघी मुलींचे आजोबा काँग्रेसचे माजी सभासद होते, आणि कायद्याने त्या त्यांच्याच घराच्या मालमत्ता होत्या.

मेरी रफिन स्मिथ अविवाहित राहिली. स्मिथ कुटुंब हिल्सबरोहून चॅपेल हिलजवळच्या मळ्यावर राहावयास गेल्यावर तिने या मुलींना आपल्या घरात वाढविले. भावांचे पाप तिला डोळ्यांआड करता येत नव्हते आणि मान्यही करता येत नव्हते. १८५४ च्या डिसेंबरात चॅपेल हिलच्या 'चॅपेल ऑफ द क्रॉस' या चर्चमध्ये तिने मुलांचा बाप्तिस्मा करविला. चर्चच्या नोंदवहीत मिस मेरी रफिन स्मिथ यांच्या मालकीची पाच नोकर मुले, अशी नोंद झाली. आत्याच ती, पण वहीत मालकीण!

ज्या भगिनींना जुने कागद चाळण्याची हौस आहे, त्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. १८५० व १८६० च्या अमेरिकन शिरगणतींत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याच्याखाली केवळ वय, लिंग व वर्ण यांच्या ओळी आहेत. नावाची जागाच नाही. देशभरातले मुक्त झालेले लोक प्रथम नावानिशी उतरले ते १८७० च्या शिरगणतीत. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वंशावळी मागे जाता जाता या सालाशी येऊन थबकतात. त्यापलीकडे जायचे तर मालकाच्या कागदांतून वाट काढावी लागते. त्याचे मृत्युपत्र, त्याची खरेदीखते, त्याच्या चर्चची वही पाहावी लागते. स्वतःच्या पणजीचा शोध तिला विकत घेणाऱ्याच्या दप्तरात घ्यायचा, ही केवढी विटंबना! परंतु त्याला दुसरा मार्ग नाही.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे सेनापती जोसेफ जॉन्स्टन यांनी याच ऑरेंज काउंटीत, डरहॅम स्टेशनजवळ एका शेतकऱ्याच्या साध्या घरात उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्यापुढे शरणागती लिहून दिली. तिथे तळ दिलेल्या शिपायांनी आजूबाजूची तंबाखू लुटून चाखली आणि घरी परतल्यावर तीच हवी म्हणून पत्रे पाठविली. त्यातून डरहॅमचा तंबाखूचा व्यापार वाढला, रेल्वे स्टेशनाचे शहर झाले, आणि १८८१ साली ऑरेंज व वेक या काउंट्यांचे लचके तोडून निराळी डरहॅम काउंटी करण्यात आली.

या नव्या जगात हॅरिएटच्या मुलीची गाठ रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांच्याशी पडली. हे घराणे उत्तरेकडचे. रॉबर्टचे वडील टॉमस हे डेलावेअर राज्यात १८३२ साली गुलामीतून मुक्त झाले होते आणि आई सेरा अ‍ॅन गोरी होती. रॉबर्टचा जन्म १८४० चा. युद्धात त्याने उत्तरेच्या आरमारात व घोडदळात नोकरी केली. डोळ्याजवळ झालेल्या जखमेने पुढे हळूहळू त्याची दृष्टी गेली. दृष्टी जाणार हे दिसत असतानाही तो दक्षिणेत आला तो शिक्षक म्हणून. जिथे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी गुलामाला अक्षर शिकविणे गुन्हा ठरविले होते, तिथे हिल्सबरोजवळ १८६८ नंतर त्याने मुक्त झालेल्या लोकांसाठी शाळा चालविली. काळ मोठा कठीण होता. १८४९ साली ऑरेंजमधूनच वेगळ्या झालेल्या अलमान्स काउंटीत १८७० च्या फेब्रुवारीत वायट आउटलॉ या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला क्लॅनच्या टोळीने भर गावात झाडाला फाशी दिले. अशा दिवसांतल्या रॉबर्टच्या रोजनिशा घराण्यात राहिल्या, आणि नातीला त्यांचा मोठा उपयोग झाला.

रॉबर्ट व कॉर्नेलिया यांचा विवाह १८६९ साली झाला. रॉबर्टचा भाऊ रिचर्ड याने डरहॅमला विटांचा कारखाना काढला. ती ऑरेंजची लाल माती! वाढत्या शहराच्या कितीतरी इमारती त्याच्या विटांनी उभ्या राहिल्या, आणि डरहॅममधील कृष्णवर्णीयांनी काढलेल्या 'मेकॅनिक्स अँड फार्मर्स' बँकेचा तो पहिला अध्यक्ष झाला. रॉबर्टने १८९८ साली डरहॅमच्या वेस्ट एन्डला आपले घर बांधले.

मेरी रफिन स्मिथ १८८५ साली वारली. तिच्या मृत्युपत्राने एक विस्तीर्ण मळा विद्यापीठाला गेला, त्यातून तिच्या भावाच्या नावे शिष्यवृत्त्या निघाल्या. दुसरी जमीन धर्मपीठाला गेली. कॉर्नेलियाच्या वाट्याला शंभर एकर आले. सिडनीची ती मुलगी असे कुठेही म्हटलेले नव्हते.

आता या कथेतील अवघड भाग. पॉली मरे यांचा जन्म १९१० चा. त्या अवघ्या तीन वर्षांच्या असताना आई गेली आणि त्या डरहॅमला आजोबा-आजी व पॉलीन मावशी यांच्याकडे आल्या. पॉलीन मावशी शिक्षिका होत्या. घरात अंध आजोबांचा दरारा, आणि आजीच्या तोंडी सदैव स्मिथांच्या गोष्टी. कॉर्नेलियाला आपल्या स्मिथ रक्ताचा विलक्षण अभिमान होता. मी वकिलाची मुलगी, थोरामोठ्यांच्या घरची, असे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठणकावून सांगे. ज्याने तिच्या आईचे दार फोडले, त्याच्याच कुळाचा हा अभिमान!

वाचताना प्रथम मला याचा राग आला. मग विचार केला, तिने दुसरे काय धरून राहायचे? बाहेरचे जग तिला तुच्छ लेखत होते. ताठ मानेने उभे राहण्यासाठी तिला जे हाती लागले ते तिने धरले. पॉली मरे यांनी आजीला कुठेही हसण्यावारी नेलेले नाही, की तिची बाजू झाकलेली नाही. आजीचा अभिमान आणि पणजीची यातना ही दोन्ही त्यांनी एकाच वंशवृक्षावर शेजारी शेजारी ठेवली. माझ्या मते त्या पुस्तकाचे सारे मोल यात आहे.

तो वंशवृक्ष लिहिण्याची वेळ कशी आली हेही ऐकण्यासारखे आहे. १९३८ साली पॉली मरे यांनी चॅपेल हिलच्या विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी अर्ज केला. पणजीच्या मालकिणीने ज्याला मळा दिला तेच हे विद्यापीठ. पणजोबांच्या घराण्यातले लोक त्याचे आश्रयदाते. वर्णावरून अर्ज नाकारण्यात आला. त्या खचल्या नाहीत. १९४० साली व्हर्जिनियात बसमधील मोडक्या मागच्या जागेवर जाण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना मैत्रिणीसह अटक झाली. त्या वेळी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी केलेला होता आणि तुरुंगात त्यांनी त्याच रीतीने वागण्याचा प्रयत्न केला. १९४४ साली त्या हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पुढील अभ्यासासाठी हार्वर्डने त्यांना नाकारले, या खेपेस स्त्री म्हणून. १९५२ साली कॉर्नेल विद्यापीठातील एक काम त्यांच्या पूर्वीच्या संबंधांविषयी शंका घेऊन नाकारले गेले. तो काळच संशयाचा होता. तेव्हा त्यांनी ठरविले की माझे पूर्वसंबंध कोणाशी आहेत हे एकदा नीट लिहूनच काढावे. आजीच्या गोष्टी त्यांनी कागदपत्रांशी ताडून पाहिल्या, आजोबांच्या रोजनिशा वाचल्या, आणि त्यातून 'प्राउड शूज' झाले.

पुढे १९६६ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. १९७७ च्या जानेवारीत त्यांना एपिस्कोपल चर्चची धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. त्या पंथात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीस, त्यांनी आपली पहिली प्रभुभोजनाची उपासना चॅपेल हिलच्या त्याच चर्चमध्ये चालविली. आजीचे बायबल त्यांच्या हाती होते. ते ज्या पीठावर ठेवून वाचले, ते पीठ मेरी रफिन स्मिथच्या स्मरणार्थ दिलेले होते. जिची नोंद तिथल्या वहीत मालकीच्या मुलांत झाली होती, तिची नात तिथे सर्वांना आशीर्वाद देत होती. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठाने सन्माननीय पदवी देऊ केली. परंतु कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणाबाबत त्या वेळी चाललेल्या वादात विद्यापीठांची भूमिका न पटल्याने त्यांनी ती घेतली नाही. १९८५ मध्ये त्या वारल्या. २०१६ मध्ये डरहॅमचे ते घर राष्ट्रीय स्मारक ठरले आणि २०२४ मध्ये त्यांची प्रतिमा असलेले नाणे निघाले.

असो. आता माझ्या रकान्यांकडे येते. पुस्तक संपवून मी आमच्या चुलत सासूबाईंकडे गेले. त्यांचे वय ब्याण्णव. शेवयांच्या, सणावारांच्या गोष्टी झाल्या आणि मग मी विचारले, "काकू, जुन्या सुनांची नावे तुम्हाला आठवतात का?" त्यांनी एकामागून एक पाच नावे सांगितली. मग थोडे थांबून म्हणाल्या, "अगं, आमच्या आजेसासूबाईंना एक थोरली जाऊ होती. नवव्या-दहाव्या वर्षीच पांढरे कपाळ. पुढे काही झालं म्हणे, आणि तिला पंढरपुरास नेऊन ठेवली. परत आणली नाही. तिचं नाव घरात घेत नसत. पण आजेसासूबाई मला एकटीला सांगायच्या." आणि त्यांनी ते नाव उच्चारले.

आमच्या कुलवृत्तान्तात त्या थोरल्या दिरांपुढे 'लहानपणी निधन' इतकेच आहे. त्यांचे लग्न झाले होते याचाही उल्लेख नाही. मी ते नाव हस्तलिखितात लिहिले. घरातील एक वडीलधारे म्हणाले, "हे कशाला? पुस्तक मुलाबाळांच्या हाती जायचे." त्यांचा हेतू वाईट नाही. घराण्याची अब्रू त्यांना जपायची आहे. परंतु ती अब्रू जपण्यासाठीच त्या मुलीला एकदा घराबाहेर काढले होते. पुस्तकातूनही दुसऱ्यांदा काढायचे काय? अद्याप निर्णय झालेला नाही. मी माझे पान मागे घेतलेले नाही. ते नाव मी या स्मरणिकेतही छापीत नाही, कारण त्याची पहिली जागा त्या रकान्यात आहे.

भगिनींनो, आपल्या कोणाच्या घरी काँग्रेसचे सभासद नसतील, मळे नसतील. परंतु आईच्या आईची आई प्रत्येकीला होती. तिचे माहेरचे नाव आपणांपैकी कितीजणींना सांगता येईल? मला स्वतःला सांगता आले नाही. त्यासाठी मामांकडे पत्र घालावे लागले. आपल्या मंडळातील वृद्ध सभासद भगिनी आज आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून एवढे एक नाव आपण या वर्षात विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. त्याबरोबर एखादी अडचणीची गोष्ट आली, तर तीही लिहून ठेवावी. हॅरिएटचे नाव राहिले, ते कॉर्नेलियाने ते आपल्या मुलांनातवंडांजवळ बोलून ठेवले म्हणून.